टेकडीवर बसून ठशासाठी नक्षी कशी शोधायची?

रेघोट्या (प्रश्न)

हातठशांनी सुती स्टोल छापते. स्टोल ७० × १८० सेंमी, ठसे सागवानी, कोरून बाहेरून घेते. अडचण नक्षीची आहे. नेटवर बघून काढलेली पानंफुलं कुठल्याही दुकानात लटकलेली असतात तशीच होतात. म्हणून वही घेऊन पुण्यातल्या टेकडीवर जायला लागले. तिथे दोनपैकी एक होतं. एक तर अख्खं झाड काढलं जातं, ते ठशात बसत नाही. नाहीतर घरी बसूनही काढता आलं असतं असं तेच ते बदामी पान हातून उतरतं. सध्या पळस फुललाय. तिथे बसून नेमकं काय करायचं, किती वेळ, आणि वहीतून ठशापर्यंत कसं यायचं? ‘निसर्गाशी एकरूप व्हा’ सोडून काहीही सांगा.

पानगळ

शेवटची अट मान्य.

पहिली चूक बहुतेक अंतराची असते. दहा मीटरवरून झाडाची बाह्याकृती दिसते, आणि ती सगळ्या झाडांची थोडीफार सारखीच. हाताला लागेल इतक्या जवळची एकच फांदी निवडा आणि तिच्यापाशी पाऊण तास बसा. वेळ अशी वाटा: पहिली १५ मिनिटं वही बंद. फक्त बघायचं. पाचेक मिनिटांत कंटाळा येतो, तिथेच उठू नका. डोळा ‘हे पान, हे फूल’ असं नाव देऊन मोकळा होतो तो या वेळात. नाव देऊन झालं की मग आकार दिसायला लागतो.

पुढची १० मिनिटं कागदाकडे न बघता रेघ काढा. नजर पानाच्या कडेवरून जितक्या सावकाश सरकेल तितक्याच सावकाश हात चालवा. चित्र वेडंवाकडं येणारच, पण ‘बदामी पान’ मनगटात बसलेलं असतं, त्याला मोडणारा दुसरा उपाय मला माहीत नाही. बॉलपेन घ्या, म्हणजे खोडण्याचा प्रश्न नाही. उरलेल्या २० मिनिटांत फक्त तुकडे काढा: देठ फांदीला कुठे चिकटतो, कळी किती अंशात वळते, दोन पानांच्या मधली मोकळी जागा. ही मोकळी जागा वेगळी, काळी भरून काढा. छापात तीच जमिनीचा, म्हणजे नक्षीमागच्या पार्श्वभूमीचा, आकार होते, आणि नवखी नक्षी फसते ती बहुतेकदा जमिनीत, फुलात नाही.

प्रत्येक तुकड्याशेजारी एक मोजमाप लिहा. ‘लांबी रुंदीच्या दीडपट’, ‘देठ पानाच्या निम्मा’ एवढं पुरे. सावली काढत बसू नका; अर्ध्या तासात सरकते आणि ठशाला तिचा उपयोग नाही.

फोटो काढायचा तर उठताना. आधी काढलात तर डोळा काम सोडून देतो.

उंबरपान

पळसाबद्दल थोडं, कारण त्यात माल भरपूर आहे आणि लोक फक्त केशरी रंगावर थांबतात.

फुलाला पाच पाकळ्या. वरची एक रुंद, मागे वळलेली, तिला ध्वज म्हणतात. बाजूला दोन पंख. खाली दोन जुळून झालेली नौका, ती पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. नुसत्या डोळ्यांनी नाही, फूल हातात फिरवून बघा: समोरून ते नीट दोन सारख्या अर्धांत दुभंगतं, बाजूने बघितलं तर एक चंद्रकोर आणि एक चोच. ठशासाठी बाजूची बाकच घ्या. कळ्यांचा आणि फुलांच्या बुडाचा पेला मखमली, जवळजवळ काळा असतो. केशरी उठून दिसतो तो या काळ्यामुळे. हा पेला वगळलात तर फूल कुठल्याही शेंगवर्गी झाडाचं वाटेल.

‘पळसाला पानं तीनच’ हे सगळे म्हणतात, पण ती तीन सारखी नसतात. मधलं मोठं आणि टोकाकडे रुंद, दोन्ही बाजूंना सारखं. कडेची दोन तिरपी, बुडाशी एक बाजू जास्त भरलेली. तिन्ही सारखी काढली की तो पळस राहत नाही. मात्र फुलताना झाड बहुतेक निष्पर्ण असतं, तेव्हा पानांसाठी वेगळी बैठक उन्हाळ्यात, कोवळी पालवी फुटल्यावर. फूल आणि पान एकाच नक्षीत हवं असेल तर दोन हंगामांची चित्रं जोडावी लागतील. चालतं, नक्षी म्हणजे वनस्पतिशास्त्राचा तक्ता नव्हे.

आणि शेंग सोडू नका. चपटी, आणि बी एकच, तेही टोकाशी. बाकीची शेंग नुसती पातळ पापुद्र्यासारखी. एका टोकाला ठिपका असलेली लांबट पट्टी! किनारीसाठी यापेक्षा तयार आकार काय हवा?

टेकडीवर पळस हाताच्या उंचीवर नसेल तर रुई बघा. समोरासमोर पानांची जोडी आणि पुढची जोडी तिच्याशी काटकोनात, त्यामुळे वरून बघितलं की अधिकाचं चिन्ह दिसतं. सावरीचं पान हाताच्या पंजासारखं, पाच ते सात पर्णिका. ग्लिरिसिडिया मात्र मनानेच गाळा. आहे भरपूर, पण आकार फारसा बोलत नाही.

रेघोट्या

शेंगेचं डोक्यातच आलं नव्हतं. पण आधी एकदा रुईचं पान घेऊन ठसा केला होता, सुटा छान दिसतो, ओळीने छापला की मध्ये पांढरे पट्टे पडतात. नक्षी चुकली की छापताना चुकतेय?

कोरीवकाम

छपाई नाही, जोड चुकलीय. आकार चौकोनाच्या मधोमध बसवला की कडा रिकाम्या राहतात, आणि चार ठसे शेजारी आले की त्या रिकाम्या कडांचा रस्ता होतो.

१० सेंमीचा चौरस ट्रेसिंग कागद घ्या. आकार मधोमध काढा, कडेला लागू देऊ नका. कागद उभा मधोमध कापा आणि डावा तुकडा उजवीकडे, उजवा डावीकडे ठेवून मागून चिकटपट्टी लावा. आता जुन्या कडा मध्यभागी आल्या. तिथल्या रिकाम्या जागेत कळी, देठ, शेंग जे हवं ते भरा. मग आडवा कापा, वरचा खाली करा, पुन्हा भरा. झाला जोड. नऊ झेरॉक्स काढून तीन बाय तीन मांडा, भिंतीला लावा आणि तीन-चार मीटरवरून डोळे किलकिले करून बघा. पट्टा, तिरकी रेघ किंवा भोक असेल तर तेवढ्यात दिसतं. जवळून कधीच दिसत नाही.

रांगा फार शिस्तीत वाटल्या तर पुढची उभी ओळ अर्ध्या ठशाने खाली सरकवून छापा; मात्र आकार बाजूच्या कडा ओलांडत असतील तर जोडही तसाच अर्ध्याने सरकवून करावा लागेल. त्यासाठी ठशाच्या बाजूच्या कडेला निम्म्या उंचीवर खुणेचा बारीक ठिपका कोरायला सांगा, कोपऱ्यातल्या नेहमीच्या खुणांशिवाय वेगळा.

लाकडाच्या मर्यादा चित्रातच धरा. रेघ १ मिमीपेक्षा बारीक नको, तुटते. दोन रेघांत किमान दीड मिमी अंतर, नाहीतर घट्ट रंग भरून डाग होतो. पळसाच्या पाकळीवरच्या शिरा हौसेने काढल्या की हेच होतं. रंग तीन, म्हणजे रेख (बाह्यरेषा), गद (जमीन) आणि दत्ता (आतला भराव) असे तीन ठसे. १० सेंमीच्या ठशाने तुमच्या मापाला ७ × १८, म्हणजे एका रंगाला १२६ ठोके, तीन रंगांना ३७८. हा आकडा आधी डोळ्यांसमोर ठेवला की दुसरा रंग खरंच हवाय का, हे आपोआप ठरतं.

कापड खळ काढलेलंच घ्या, नाहीतर दोष नक्षीचा नसतानाही ती फिसकटलेली दिसेल.

जुनापाट

वर सगळे निसर्गातच बसलेत, म्हणून कलेची बाजू. जुनी नक्षी बघायची ती उचलायला नाही, कारागिराने अडचण कशी सोडवली ते बघायला. अजिंठ्याच्या १ आणि २ क्रमांकाच्या लेण्यांची छतं चौकटींमध्ये विभागलेली आहेत, ५व्या शतकाच्या उत्तरार्धातलं काम. एकेक चौकट म्हणजे तुमचा ठसाच. कमळाचा देठ कोपऱ्याकडे वळवून रिकामी जागा कशी भरलीय, फळ कुठे ठेवलंय, हंस चौकटीत मान कशी मुडपून बसलाय ते बघा. रंगही मोजके: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा, आणि थोडा लाजवर्दी निळा. सोमवारी लेणी बंद असतात.

एवढं लांब जायचं नसेल तर पुण्यातच केळकर संग्रहालयात अडकित्ते बघा. पक्षी असो की माणूस, त्याला आधी सुपारी कातरावी लागते. मग अंगाचा कुठला भाग दांडा होतो? अशा तीनच वस्तू निवडा आणि प्रत्येकीचं एक चित्र, शेजारी एका ओळीत ‘अडचण काय, तोड काय’. पूर्ण संग्रहालय बघून बाहेर पडलात तर हाती काही लागत नाही.

दोन्हीकडची चित्रं झाली की वही तीन दिवस बंद ठेवा. चौथ्या दिवशी, वही न उघडता, आठवेल तेवढंच एका हाताच्या तळव्याएवढ्या चौकोनात काढा. मग वहीशी ताडून बघा. जे गळलं ते बहुतेक गळायलाच हवं होतं; मोजमाप चुकलं असेल तर तेवढं वहीतून दुरुस्त करा.

पानगळ

तीन दिवस जास्त वाटतात. रात्रीची झोप झाली तरी पुरतं, पण मधल्या वेळात फोनवर दुसऱ्या नक्ष्या बघायच्या नाहीत ही अट.

कोरीवकाम

राहिलंच: ठसा उलटा छापतो. रुईला फरक पडत नाही, पण पळसाची चोच डावीकडे हवी असेल तर ती लाकडावर उजवीकडे हवी. ट्रेसिंग पालथा घालून कोरणाऱ्याला द्या आणि कोपऱ्यात ‘ही बाजू वर’ लिहा. आधी ३ मिमी लिनोच्या (कोरायला मऊ असलेल्या लिनोलियमच्या) तुकड्यावर स्वतः कोरून जुन्या चादरीवर वीसेक ठोके मारून बघा. नवीन सागवानी ठसा वापरण्याआधी दहा-पंधरा दिवस तेलात बुडवून ठेवायलाही विसरू नका.