शेवटचे ३-४ किलो हलतच नाहीत, वजन ६०.८ वर अडलंय

रानजाई

वय ३८, उंची १५८ सेंमी. सुरुवात ७१ किलोपासून, आता ६०.८, गाठायचंय ५७. पहिले दहा किलो व्यवस्थित उतरले, पण महिना उलटला तरी काटा ६०.५ ते ६१.३ याच्या बाहेर जात नाही.

अ‍ॅपमध्ये रोज १४०० कॅलरी भरतात. सकाळी चहा आणि वाटीभर पोहे किंवा उपमा. दुपारी दोन पोळ्या, भाजी, वरण, कोशिंबीर. संध्याकाळी चहा-फुटाणे. रात्री ज्वारीची एक भाकरी, भाजी, ताक. आठवड्यातून पाच दिवस ४५ मिनिटं चालणं. दिवसाचा बाकीचा वेळ खुर्चीत. शनिवार-रविवारी एखादं जेवण बाहेर होतं. पाळी नियमित, औषध कुठलंच नाही.

खाणं १२०० वर आणावं का? की चालणं दुप्पट करू? नेमकं कुठे अडलंय ते कसं शोधायचं?

तोळामासा

१२०० वर जाऊ नका. आधी हिशेब मांडू.

विश्रांतीतला कॅलरी-खर्च काढायचं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र बायकांसाठी असं आहे: वजन × १० + उंची × ६.२५ − वय × ५ − १६१. तुमचं वय ३८ धरून ७१ किलोला उत्तर येतं साधारण १३४५ आणि आजच्या वजनाला १२४५. हा झाला नुसतं पडून राहण्याचा खर्च. बैठं काम आणि रोजचं चालणं धरून १.४ ने गुणा: तेव्हा १८८५, आता १७४०. म्हणजे ज्या १४०० मध्ये सुरुवातीला दिवसाला ४८५ ची तूट पडत होती, त्याच १४०० मध्ये आता ३४० पडते. शिवाय बराच काळ कमी खाल्लं की शरीर नकळत हालचाल आवरतं घेतं. माणूस कमी उठतो, कमी येरझाऱ्या घालतो, जिन्याऐवजी लिफ्ट धरतो. सूत्रात हे येत नाही.

आणि ही ३४० ची तूटही १४०० चा आकडा खरा असेल तरच. आपल्या स्वयंपाकात तो सहसा खरा नसतो. सुरुवातीला रोज २०० कॅलरींची चूक पचून जाते, कारण तूटच मोठी असते. शेवटच्या तीन किलोंना तेवढी चूक अर्ध्याहून जास्त तूट खाऊन टाकते.

तेलापासून सुरू करा. घरात महिन्याला किती लिटर लागतं आणि जेवणारी माणसं किती, एवढंच पुरे. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ८१९० कॅलरी. चार माणसांत महिन्याला चार लिटर संपत असेल तर माणशी दिवसाला २७० कॅलरी नुसत्या तेलाच्या. अ‍ॅपमध्ये ‘भेंडीची भाजी, १ वाटी’ निवडलं तर तिथे तेल किती धरलंय ते तुम्हाला दिसतसुद्धा नाही.

मग पोळी. अ‍ॅपमधली ७०-८० कॅलरींची चपाती म्हणजे छोटा, कोरडा फुलका. घडीच्या पोळीचा उंडा काट्यावर ठेवून बघा, ५० ग्रॅमच्या आसपास भरेल. १०० ग्रॅम कणकेला साधारण ६० ग्रॅम पाणी जातं, म्हणजे त्या उंड्यात ३१ ग्रॅम पीठ, १०५ कॅलरी. घडीत अर्धा चमचा तेल आणि वरून अर्धा चमचा तूप, आणखी ४०. दोन पोळ्यांचे १५० लिहिले जातात, पोटात जातात २९०.

कोशिंबिरीचंही तेच. काकडीच्या कॅलरी नगण्य, पण त्यात दोन मोठे चमचे दाण्याचं कूट (२० ग्रॅम) म्हणजे ११० आणि वरून चमचाभर तेलाची फोडणी, ४०. ओलं खोबरं १०० ग्रॅमला ३५० च्या पुढे जातं. चहाला म्हशीचं दूध वापरत असाल तर १०० मिलीला १०० च्या वर, गाईचं असेल तर ६५-७०.

‘वाटी’ हे माप सोडून द्या. एकाच घरात १२० मिलीची वाटी असते आणि २०० मिलीचीही. किचनचा डिजिटल काटा आणा आणि दोन आठवडे सगळं ग्रॅममध्ये लिहा. या दोन आठवड्यांत खाण्यात काहीही बदलू नका, फक्त मोजा. मोजतोय म्हणून त्या दिवसात हात आखडता घेतला तर कारण सापडणार नाही.

शनिवार-रविवारही लिहा. सोमवार ते शुक्रवार रोज ३०० ची तूट म्हणजे १५००. दोन सुट्टीच्या दिवशी खर्चापेक्षा ५००-५०० जास्त गेले की हातात उरतात ५००. एक किलो चरबीला सुमारे ७७०० कॅलरी लागतात. या वेगाने एक किलोला पंधरा आठवडे.

दंडबैठक

वरच्या हिशेबाशी सहमत. पण काट्यावर दिसणारा आकडा आधी तपासायला हवा, वजन खरंच अडलंय का ते अजून ठरलेलं नाही.

आठवड्याला २०० ग्रॅम चरबी जात असेल आणि शरीरातलं पाणी एक किलोने वरखाली होत असेल, तर महिनाभर काहीच दिसणार नाही. पाणी धरून ठेवायला कारणं भरपूर. लोणचं-पापड, हॉटेलचं खारट जेवण, एखाद्या दिवशी जास्त झालेला भात किंवा गोड (शरीर जादा साखर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं), बद्धकोष्ठ, अपुरी झोप आणि पाळीच्या आधीचे दिवस. म्हणून रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी, त्याच कपड्यांत वजन करा. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नाही. सात दिवसांची सरासरी काढा. पाळीच्या पाचव्या ते दहाव्या दिवसाची सरासरी मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी लावून बघा. पाळीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा यांची तुलना करण्यात अर्थ नाही. कंबरही मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या मधोमध टेप, श्वास सोडल्यावर. सरासरी आणि कंबर दोन्ही चार-सहा आठवडे जागच्या जागी असतील तरच वजन अडलंय म्हणायचं. काट्यावर दिसणारी चरबीची टक्केवारी मात्र सोडून द्या, पाण्याच्या पातळीबरोबर ती बदलत राहते.

आता ताटाकडे. तुमच्या यादीतली प्रथिनं अंदाजे अशी: पोळ्या-भाकरीतून १३-१४ ग्रॅम, वरणातून (३० ग्रॅम डाळ) साडेसहा, फुटाण्यांतून ६, ताक-चहा-पोह्यांतून ८. कशीबशी पस्तीस. वजन उतरवताना किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम हवीत, म्हणजे तुम्हाला ७० ते ९५. कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि भूकही जास्त लागते. वाढवायचं तर कॅलरी न वाढवता अदलाबदल करा:

- पोह्यांच्या जागी ४० ग्रॅम मूगडाळीची धिरडी: १० ग्रॅम प्रथिनं, तेल सोडून १४० कॅलरी
- ३० ग्रॅम कोरडे सोया चंक्स भाजीत: १५ ग्रॅम, सुमारे १०० कॅलरी
- दोन अंडी: १२ ग्रॅम
- मासे-चिकन चालत असेल तर १५० ग्रॅम कच्चं वजन: साधारण ३० ग्रॅम. तळू नका, कालवण करा, त्यात खोबरं मोजून घाला

पनीर प्रथिनांसाठी चांगलं, पण १०० ग्रॅमला १८ ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास ३०० कॅलरी. शेवटच्या टप्प्यात ५० ग्रॅमवर थांबा.

चालणं दुप्पट करण्यापेक्षा आठवड्यातून तीन दिवस वजनाचा व्यायाम सुरू करा. डंबेल घेऊन बैठका, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकत वजन उचलणं, ओट्याच्या कडेला हात टेकवून पुशअप, वाकून डंबेल पोटाकडे ओढणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं. प्रत्येकाचे तीन सेट, ८ ते १२ वेळा. तिन्ही सेटमध्ये बारा सहज जमले की पुढच्या वेळी एक-दोन किलो वाढवा. डंबेल नसतील तर पाण्याचा ५ लिटरचा कॅन म्हणजे ५ किलो.

इथेच बरेच जण सोडतात: नवा व्यायाम सुरू केला की पहिले दोन-तीन आठवडे स्नायू पाणी धरतात आणि काटा अर्धा-एक किलो वर जातो. ती चरबी नाही. आणि स्नायू वाढले की मेटाबॉलिझम भडकतं ही अपेक्षाही ठेवू नका. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला १३ कॅलरींच्या आसपास खर्च करतो. हा व्यायाम जाणारं वजन चरबीचं असावं म्हणून करायचा.

रानजाई

खूप उपयोगी. तेलाचा हिशेब केला: चार माणसांत महिन्याला साडेतीन लिटर, म्हणजे माणशी २४० कॅलरी. मी दिवसाला तीन चमचे, म्हणजे १२० धरत होते. अजून दोन प्रश्न. स्वयंपाक सगळ्यांचा एकत्र असतो, मग माझ्या वाट्याचं कसं मोजायचं? आणि संकष्टीला साबुदाण्याची खिचडी असते, ती कशी धरायची?

तोळामासा

रिकाम्या कढईचं वजन एकदाच करून फ्रीजवर चिकटवून ठेवा. भाजी करताना भाजी आणि तेल तोलून घ्या. तेलाची बरणी काट्यावर ठेवून शून्य करा, तेल काढल्यावर पुन्हा ठेवा, जितके ग्रॅम उणे दिसतील तितकं तेल गेलं. शिजल्यावर कढईसकट वजन करून कढईचं वजा करा. उदाहरणार्थ ५०० ग्रॅम भेंडीचे १६५ आणि ४० ग्रॅम तेलाचे ३६०, एकूण ५२५. शिजून ४२० ग्रॅम उरली आणि तुम्ही १०५ ग्रॅम घेतलीत, तर तुमचे १३०. रोजच्या आठ-दहा भाज्यांचा असा हिशेब एकदा झाला की पुढे फक्त ताटातलं वजन करायचं. त्याच भाजीला २० ग्रॅम तेल पुरतं का ते घरातल्यांना विचारून बघा. भेंडीला नाही पुरत, ती कढईला धरते, पण दुधी, पडवळ, कोबीला झाकण ठेवून नक्की पुरतं.

खिचडी: ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा २१०, २५ ग्रॅम दाणे १४०, दोन चमचे तूप ८०, अर्धा बटाटा ४०. एका ताटलीचे ४७० आणि प्रथिनं आठ ग्रॅमच्या आसपास. वर्ज्य करायची गरज नाही, पण उपासाच्या दिवशी कमी खाल्लं असं मनात धरून संध्याकाळी पुन्हा वेफर्स आणि खजूर आले की तो दिवस १९०० वर जातो. अर्धी ताटली खिचडी आणि सोबत वाटीभर, म्हणजे तोलून २०० ग्रॅम, दही घ्या.

निरामय

दोन गोष्टींकडे अजून कुणी वळलेलं नाही.

पहिली तब्येतीची. मोजमाप चोख करूनही दोन-तीन महिने काहीच हललं नाही तर टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्या. थायरॉइड मंद असेल तर वजन थोडं वाढतं, त्यातही बरंचसं मीठ-पाणी असतं, म्हणून सगळा दोष त्यावर टाकता येत नाही, पण थकव्यामुळे हालचाल घटते. हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि नैराश्यावरची काही औषधं वजन धरून ठेवतात. औषध मनाने बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा. पाळी चुकणं, केस जास्त गळणं, सतत थंडी वाजणं यातलं काही सुरू झालं तर खाणं वाढवायचं.

दुसरी ५७ या आकड्याची. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या खाली असावा असं धरतात. तुमच्या उंचीला ती रेषा ५७.४ किलोवर येते, म्हणजे ध्येय अवास्तव नाही. पण कंबर ८० सेंमीच्या आत असेल, साखर आणि रक्तदाब ठीक असेल, तर ६० आणि ५७ मधला फरक तब्येतीपेक्षा आरशाचा जास्त आहे. त्यासाठी घाई करू नये.

तोळामासा यांच्याशी एका बाबतीत माझा क्रम वेगळा. मोजणीचे दोन आठवडे झाले की लगेच तूट वाढवण्याऐवजी दोन आठवडे १६५०-१७०० वर खा, वाढीव कॅलरी भाकरी, डाळ, भातातून. याने मेटाबॉलिझम पूर्ववत होतं याचा पुरावा कच्चा आहे, पण इतके महिने तुटीत राहिलेल्या माणसाची भूक आणि चिडचिड शांत होते, व्यायामाला जोर येतो. पहिल्या काही दिवसांत काटा ५००-७०० ग्रॅम वर जाईल, ते पाणी. मग १४५० वर या, खरे, तोललेले १४५०, आणि दिवसाची पावलं मोजून सध्यापेक्षा दोन हजार वाढवा. तुमच्या वजनाला त्याचे ७०-८० कॅलरी होतात. जेवणानंतर दहा-दहा मिनिटं दोनदा चाललात की ती भरतात.

तोळामासा

हा क्रम मलाही पटतो. फक्त त्या दोन आठवड्यांतही तोलणं सोडू नका, नाहीतर १७०० चे २१०० कधी होतात ते कळत नाही.