बेळगावच्या गल्लीबोळांत रोज छोटी एसयूव्ही चालवणाऱ्यांनो, अनुभव सांगा

नमस्कार. दिवाळीच्या आत गाडी घ्यायची आहे, बजेट दहा-साडेदहा लाख. रोज टिळकवाडीतून रविवार पेठेत दुकानाला, संध्याकाळी मुलीला क्लासहून आणायचं, महिन्यातून एकदा गावी. घरच्यांना उंच गाडी हवी आहे. शोरूममध्ये सगळे सनरूफ आणि स्क्रीनच दाखवतात. मला आपल्या रस्त्यांवरचं सांगा: क्लच, वळण, पार्किंग, ॲव्हरेज. चांगलं-वाईट दोन्ही लिहा.

शहापूरहून
तीन वर्षं झाली, 31 हजार किलोमीटर. दादा, लांबी बघत बसू नका, रुंदी बघा. 4 मीटर लांबी किंवा पेट्रोलला 1200 सीसी, यातलं एक जरी ओलांडलं की कर चढतो, म्हणून या वर्गातल्या बऱ्याच गाड्या 3995 मिलिमीटरवर येऊन थांबल्यात. खरा फरक रुंदीत आहे. पंच 1742 मिलिमीटर, फ्रॉन्क्स 1765, नेक्सॉन 1804. कागदावर सहा सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. पण आमच्या गल्लीत एका अंगाला गटार, दुसऱ्या अंगाला मोटारसायकलींची रांग. तिथे तेवढ्यावरच ठरतं, आरसे दुमडून जायचं की उघडे ठेवून.

दुसरी गोष्ट पुढच्या खांबाची. काचेच्या कडेचा खांब या गाड्यांना जाड असतो. एकदा कपिलेश्वर उड्डाणपूल उतरून वळताना स्कूटीवरची एक बाई त्या खांबामागे अख्खी झाकली गेली. ब्रेक लागला म्हणून वाचलो, पण हात बराच वेळ थरथरत होते. तेव्हापासून सीट वर घेतली आणि वळताना मान पुढे काढून बघतो. टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या काँग्रेस रोडवर सकाळी घेऊ नका. संध्याकाळी सहाला गणपत गल्लीच्या बाजूने घ्या. क्लच किती जड आहे ते डाव्या पायाला तिथेच कळतं.

निपाणीहून
पैशाचं बोलतो. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या पेट्रोल गाडीला आजीवन कर 14 टक्के, दहा ओलांडले की 17, वर उपकर. म्हणजे सनरूफसाठी एक पायरी वर चढलात आणि किंमत दहाच्या पुढे गेली, तर करात अर्ध्या लाखाच्या आसपास वाढ होते. मी ती पायरी चढलो आणि अजून हळहळतो. कोल्हापूरचे पाहुणे सांगतील, आमच्याकडे पासिंग करा. नको. गाडी बारा महिन्यांहून जास्त इकडे राहिली की कायद्याने इकडचा नंबर घ्यावाच लागतो, आणि एनओसीसाठी फेऱ्या वेगळ्याच. आपला एक फायदा मात्र खरा आहे: पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त. तिकडच्या गाड्या इकडे टाकी भरायला येतात ते काय उगीच नाही.

वडगाव
शहरात डिझेल नको गा. बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या) डिझेलला काजळी अडवणारी जाळी असते. ती जळून साफ व्हायला गाडी सलग, जरा वेगात चालावी लागते. माझं रोजचं जाणं-येणं चार-चार किलोमीटरचं. पिवळा दिवा लागला की धारवाडपर्यंत उगीच फिरवून आणायची. विकताना कुणी सांगितलं नाही.

खानापूर
ग्राउंड क्लिअरन्सवर, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतच्या उंचीवर, भुलू नका. नेक्सॉनचा 208 मिलिमीटर, ब्रेझाचा 198, हे आकडे चांगलेच आहेत. पण आकडा रिकाम्या गाडीचा आहे का ते विचारा. पाच माणसं आणि मागे तांदळाची दोन पोती टाकली की गाडी किती बसते बघा. तरी जांबोटीकडच्या रस्त्याला जुलैत उंच गाडी लागतेच. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही.

कॅम्प
मी शिक्षिका आहे, गाडी मीच चालवते. आईचे गुडघे गेलेत. आधीच्या हॅचबॅकमध्ये तिला खाली बसवून परत ओढून काढावं लागायचं. आता सीट तिच्या कमरेला येते, आडवी टेकते आणि पाय आत घेते. पण दाराचा उंबरा रुंद आहे. पावसाळ्यात त्याला चिखल चिकटतो आणि उतरताना तिच्या इरकलीचा काठ नेमका तिथेच घासतो. मी दारात एक जुना पंचा ठेवलाय, उतरण्याआधी पुसून घेते. तुमच्याकडे वयस्कर माणूस असेल तर त्यांना शोरूमला न्याच.

ऑटोमॅटिक घेणार असाल तर एएमटी (साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअर यंत्र बदलतं) आणि टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद देणारा ऑटोमॅटिक) दोन्ही चालवून बघा. माझी एएमटी आहे. दुसऱ्या रेल्वे गेटला गेट उघडलं की सगळे इंच-इंच सरकतात, तेव्हा तिचे झटके बसतात. मोकळ्या रस्त्याला मात्र तक्रार नाही. बहिणीच्या ब्रेझाला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, तो लोण्यासारखा चालतो. ॲव्हरेज मला गावात तेरा, हायवेला अठरा मिळतं, टाकी ते टाकी मोजून.

टिळकवाडी (मूळ प्रश्न माझाच)
सगळ्यांचे मनापासून आभार. डिझेल यादीतून काढलं. शनिवारी संध्याकाळची टेस्ट ड्राइव्ह मागितलीय, आईला घेऊन जातो. शहापूरकर, रविवारी तुमची गाडी गल्लीत बघायला येऊ का?

शहापूरहून
या की. पण नवाच्या आत या. नंतर भाजीच्या गाड्या लागल्या की गल्लीत शिरता येत नाही.