क्रूझवर घेतलेली ड्यूटी फ्री बाटली सिंगापूरहून घरी कशी आणायची?

मृद्गंध

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आम्ही सहा जण सिंगापूरला चाललोय, मी, नवरा, सासू-सासरे आणि आमच्या दोन मुली, थोरली 17 आणि धाकटी 11. तीन रात्रींची क्रूझ आहे, मरीना बेवरून निघायचं, पेनांग बघायचं आणि परत मरीना बे, मग सिंगापुरात दोन रात्री आणि तिथून विमानाने मुंबई. मुंबईहून आम्ही पुण्याला आणि सासू-सासरे ट्रेनने बडोद्याला, त्यांचं घर तिकडेच आहे.

आता मुद्दा असा की जानेवारीत बाबांची (सासरे) सत्तरी आहे. आयुष्यभर नोकरी आणि घर एवढंच केलं त्यांनी, स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, आणि यावेळी पहिल्यांदाच म्हणाले की एक चांगली सिंगल मॉल्ट व्हिस्कीची बाटली घेऊ या, आपल्या पैशाने. पुण्याला आले की नवऱ्याबरोबर गॅलरीत बसून एक पेग घेतात, तेवढाच त्यांचा शौक. ट्रॅव्हल एजंट म्हणतो बोटीवर सगळं ड्यूटी फ्री असतं, तिथेच घ्या, स्वस्त पडेल. शेजारचे काका म्हणतात माणशी दोन लिटर, चार मोठे म्हणजे आठ लिटर बिनधास्त आणा. मला दोन्ही ऐकून धाकधूक वाटतेय कारण मध्ये सिंगापुरात परत उतरायचंय. बाबांना त्या वयात कुठल्या काउंटरवर उभं राहून कुणाची बोलणी खायला लागू नयेत एवढीच इच्छा आहे. कुणी प्रत्यक्ष असं केलं असेल तर सांगा प्लीज.

सिंगापूरस्थ

मृद्गंध, बारा वर्षं इथे राहतोय आणि दर सुट्टीत गावाकडचं कुणी ना कुणी क्रूझ करून आमच्याकडे उतरतं, त्यामुळे हा प्रश्न मला पाठ आहे. एजंटने अर्धीच गोष्ट सांगितली.

बोटीवरचं दुकान ड्यूटी फ्री म्हणजे बोट समुद्रात असताना त्या मालावर कुणी कर लावलेला नसतो, एवढंच. ती बाटली घेऊन तुम्ही ज्या देशात उतराल तो देश आपला कर मागणार. तुमच्या बाबतीत ते दोनदा होईल, आधी सिंगापूर, मग भारत. सिंगापूरमध्ये सवलत मिळायला वय 18 किंवा त्याहून जास्त हवं, सिंगापूरबाहेर सलग 48 तास तरी काढलेले हवेत, आणि तिसरी अट लोक वाचतच नाहीत ती म्हणजे तुम्ही मलेशियाहून येत असता कामा नये. पेनांग मलेशियात आहे. म्हणजे तीन रात्री, 60-70 तास बाहेर राहूनसुद्धा तुमच्या क्रूझला सवलत शून्य. एक लिटरही नाही. लंकावी ड्यूटी फ्री बेट आहे म्हणून तिथून भरभरून घेतात लोक, पण तेही मलेशियाच, त्यामुळे तीच गत.

दुसरीकडून आलात, समजा थायलंडहून, तर सगळं मिळून दोन लिटर, पण त्यातही स्पिरिट (व्हिस्की, रम वगैरे) एक लिटरच, उरलेला एक वाइन किंवा बिअर. दोन्ही लिटर व्हिस्की चालत नाही. भारताच्या दोन लिटरमध्ये असं काही नाही म्हणून आपल्या लोकांचा इथे घोळ होतो.

आता कर किती ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. इथे बाटलीच्या किमतीवर नाही तर आतल्या शुद्ध अल्कोहोलवर ड्यूटी आहे, लिटरला 88 सिंगापूर डॉलर. एक लिटरची 40 टक्क्यांची व्हिस्की म्हणजे 0.4 लिटर अल्कोहोल, ड्यूटी झाली 35 डॉलर 20 सेंट. मग बाटलीची किंमत अधिक ड्यूटी या बेरजेवर 9 टक्के जीएसटी. बाटली बोटीवर 60 डॉलरला घेतलीत तर वर जवळजवळ 44 डॉलर गेले. स्वस्त पडेल म्हणून घेतलेली बाटली 104 ला पडली.

आणि न सांगता कस्टमच्या हिरव्या लाइनमधून निघून जायचा विचारही करू नका, पकडलं तर चुकवलेल्या कराच्या 20 पटीपर्यंत दंड होऊ शकतो. लाल लाइनला जाऊन सांगितलं तर शांतपणे पावती फाडतात, कुणी बोलत नाही. मी स्वतः एकदा भरलाय, पाच मिनिटं लागली.

दोन गोष्टी विषय सोडून. सिगारेटला इथे एकही कांडी माफ नाही, आणि व्हेप (ई-सिगारेट) तर जवळ बाळगणंही गुन्हा आहे, कुणी सोबत येणारं असेल तर घरीच सांगून ठेवा. आणि व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते बघा, अरायव्हल कार्डही बोटीवरून परत येताना नव्याने भरावं लागतं.

मृद्गंध

बापरे, मलेशियाची अट मला कुठेच दिसली नव्हती. खूप आभार. म्हणजे बोटीवर घ्यायचंच नाही हे नक्की. मग चांगी विमानतळावर घेऊ का? आणि एक लिहायचं राहिलं, परतीचं विमान थेट नाहीये, कोलंबोला बदलायचंय, साडेतीन तासांचा थांबा आहे.

कोकणी_माठ

मृद्गंधताई, भारताच्या बाजूचं मी सांगतो कारण तिथे आमची चूक झाली होती आणि ती तुमच्याकडून होऊ नये.

2019 ची गोष्ट. मी, बायको आणि मुलगा सिंगापूरहून परत येत होतो. चांगीला एक-एक लिटरच्या चार बाटल्या घेतल्या, दोन माझ्या, दोन तिच्या असा साधा हिशोब, पण बिल एकच केलं माझ्या बोर्डिंग पासवर, आणि चारही माझ्याच ट्रॉलीवर. मुंबईत उतरलो तेव्हा पोरगा झोपेने कुरकुरत होता म्हणून बायको त्याला आणि एक बॅग घेऊन पुढे निघाली, मी मोठ्या बॅगांची वाट बघत पट्ट्यापाशी थांबलो. बाहेर पडताना मला थांबवलं. चार लिटर कुणाचे? मी म्हटलं दोन मिसेसचे. मिसेस कुठे आहेत? बाहेर. आता बाहेर गेलेला माणूस आत येऊ शकत नाही, आणि आपल्या बॅगेज रूल्समध्ये एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिसळता येत नाही, नवरा-बायको असले तरी. ज्याच्याजवळ माल त्याचा माल. त्या माणसाने मला नियम काढून दाखवला, आवाजही चढवला नाही, त्यामुळे रागवायला जागाच नव्हती. वरच्या दोन लिटरवर ड्यूटी भरली, आणि व्हिस्कीला बॅगेजचा नेहमीचा दर नाही, दारूचा वेगळा, त्यावेळी 150 टक्के. तीन-तीन हजारांच्या दोन बाटल्यांवर 9 हजार. बायको बाहेर फोन करतेय, उचलता येत नाही, पोरगं रडतंय, आणि मी तिथे कार्ड घासतोय. तो अर्धा तास अजून आठवतो.

म्हणून तुमच्या शेजारच्या काकांचं आठ लिटर हे कागदावर बरोबर आहे, चार मोठे, प्रत्येकी दोन. पण ते तेव्हाच खरं जेव्हा प्रत्येकाची बाटली प्रत्येकाच्या हातात आणि बिल प्रत्येकाच्या नावावर असेल. सासूबाई घेत नसतील आणि त्यांच्या पिशवीत दोन बाटल्या कोंबल्यात तर विचारल्यावर त्या बिचाऱ्या काय सांगणार? आमची आई तर सरळ म्हणाली असती की माझ्या नाहीत हो, मुलाच्या आहेत. आणि 17 वर्षांच्या मुलीच्या नावावर काही म्हणजे काही घेऊ नका.

अजून एक, चांगीला दोन लिटर घेऊन मुंबईत उतरल्यावर तिथल्या अरायव्हलच्या दुकानात अजून एक घेतली तर ती तिसरी धरली जाते. लोकांना वाटतं विमानतळावरचं दुकान आहे म्हणजे ते वेगळं. वेगळं नाही. दोन म्हणजे सगळे मिळून दोन.

जहाजी_अण्णा

मर्चंट नेव्हीत 31 वर्षं काढली, आता रत्नागिरीला घरी असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोलंबोचं आधी. चांगीला इमिग्रेशननंतर घेतलेली बाटली ते पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सील करतात, लाल किनारीची असते, आत बिल समोरून दिसेल असं ठेवलेलं असतं. ती पिशवी घरी पोचेपर्यंत उघडायची नाही. विमान बदलताना पुन्हा सिक्युरिटी असते आणि तिथे सील तुटलेलं दिसलं तर बाटली गेलीच समजा, कितीही विनवण्या करा. माझ्या डोळ्यांसमोर एका गृहस्थांनी बिल बघायला म्हणून बोटाने कोपरा फाडला होता, नवीन बाटली, खोकंही न उघडलेली, आणि ती तिथल्याच पिंपात गेली. बोटीवरून किंवा गावातल्या दुकानातून घेतलेल्या बाटलीला असं सील नसतं त्यामुळे ती हातातल्या बॅगेत चालतच नाही, चेक-इनमध्येच टाकावी लागते. चेक-इनमध्ये 24 ते 70 टक्क्यांची दारू माणशी 5 लिटरपर्यंत चालते, दुकानातलं पॅकिंग तसंच हवं, 70 च्या वरची अजिबात नाही. पण हे 5 लिटर विमानाच्या सुरक्षेचे, कस्टमचे दोनच, ही गल्लत करू नका.

चेक-इनमध्ये टाकायची वेळ आलीच तर बाटलीच्या झाकणाला आधी चिकटपट्टी दोन वेढे, मग जाड प्लॅस्टिकची पिशवी गाठ मारून, मग जीन्सच्या पायात सरकवायची आणि पाय दुमडून बॅगेच्या मधोमध ठेवायची, कडेला नाही. चाकांच्या बाजूला तर मुळीच नाही, बॅग उभी आपटली की पहिला मार तिथेच बसतो. आमच्या एका कुकची रम अशीच फुटली होती आणि पोरीसाठी घेतलेला फ्रॉक, देवाची तसबीर, सगळ्याला तो वास, तो माणूस कस्टमपेक्षा त्या फ्रॉकसाठी जास्त हळहळला.

बोटीचं सांगायचं तर बंदरावर घेतलेली बाटली चढताना बहुतेक बोटी स्वतःकडे ठेवून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात, खोलीत नेऊन प्यायची सोय नसते. म्हणून पेनांगला घेऊन बोटीवर बसू हाही बेत नको.

ताई, तुमच्या जागी मी असतो तर सिंगापुरात काही घेतलंच नसतं. मुंबईत उतरल्यावर कस्टमच्या आधी दुकान आहे, बाबांना हाताला धरून तिथे न्या, त्यांच्याच पासपोर्टवर त्यांना हवी ती घेऊ द्या. सील नाही, कोलंबो नाही, फुटायची भीती नाही. चांगीइतके प्रकार मिळणार नाहीत हे खरं, पण सत्तरीच्या माणसाला इतके तास बाटली सांभाळायला लावू नये.

राजमहाल_रोड

सगळे मुंबईपर्यंत येऊन थांबले म्हणून लिहितोय. मी बडोद्याचा, तीन पिढ्या इथेच.

मृद्गंधताई, ती बाटली बडोद्याला पाठवू नका. गुजरातेत दारूबंदी आहे, 1949 चा मुंबई दारूबंदी कायदाच इथे अजून चालू आहे, फक्त नावात मुंबईचं गुजरात झालं. ड्यूटी फ्रीचं बिल म्हणजे कस्टमचा प्रश्न सुटल्याचा कागद, तो परवाना नव्हे. इथल्या रहिवाशाला बाळगायला परमिट लागतं आणि ते सहज मिळत नाही, आरोग्याच्या कारणावर वगैरे मिळतं. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना तात्पुरतं मिळतं पण तुमचे सासरे पाहुणे नाहीत ना. ट्रेनमध्ये तपासणी झालीच तर 70 वर्षांच्या माणसाला, ज्याने आयुष्यात कधी सिग्नल तोडला नसेल, उतरवून घेतील. आमच्या नात्यात हे झालंय, एका बाटलीपायी, भाच्याच्या लग्नाच्या आदल्या रात्री, आणि मग घरचे सगळे मंडप सोडून पोलिस ठाण्यात. त्या काकांनी पुढे कितीतरी महिने घराबाहेर पडणं टाकलं होतं. कुणी काही म्हटलं नाही त्यांना, तरीही.

तुम्ही धाकधूक म्हणालात ना, खरी जागा ही आहे, सिंगापूर नाही.

सिंगापूरस्थ

+1, बडोद्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कोकणी_माठ

पुण्यात ठेवणार असाल तर आपल्याकडेही परमिट असतं हे विसरू नका, महाराष्ट्रात पिण्याचा, बाळगण्याचा परवाना काढावा लागतो, वर्षाचा किंवा कायमचा. नवऱ्याच्या नावाने कायमचा काढून टाका, एकदाच काय ते काम.

मृद्गंध

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. राजमहाल_रोड, तुमचं वाचून मी दोन मिनिटं गप्प बसून राहिले. बाबांचं तिकीट मीच काढलंय, बाटली त्यांच्या बॅगेत नीट गुंडाळून देईन असं मीच म्हटलं होतं.

काल रात्री फोन करून त्यांना सगळं सांगितलं, मलेशियाचं, सीलचं आणि बडोद्याचं. मला वाटलं हिरमुसतील. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की बाटली मला घरी नेऊन करायची काय, तुझ्या सासूबाई एक थेंब घेत नाहीत आणि एकट्याने प्यायची मला सवय नाही. तुमच्याकडेच ठेवा, मी येतो.

तर आता असं ठरलंय की बोटीवर आणि चांगीला काही घ्यायचं नाही, मुंबईत अण्णांनी सांगितलं तसं बाबांच्या हाताने एकच लिटर, आणि सत्तरी बडोद्याऐवजी पुण्यात. नवरा परमिटच्या मागे लागलाय. सासूबाईंनी विचारलंय की मग त्या बोटीवरच्या दुकानातून मला अत्तर घेता येईल का, तर तेवढं कुणाला माहीत असेल तर सांगा, 100 मिलिची बाटली आहे.

सिंगापूरस्थ

अत्तराला दारूसारखी ड्यूटी नाही, फक्त जीएसटी, आणि तेही 48 तासांवर बाहेर राहिलात तर 500 डॉलरच्या मालापर्यंत माफ. काकूंना खुशाल घेऊ द्या, फक्त चेक-इन बॅगेत टाका.