मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवर ३० नावं, त्यातली खरोखर आवश्यक कोणती?

रानजाई: डबीवरच्या तक्त्यात झिंक, सेलेनियम, बी१२ यांच्याच रांगेत इनोसिटॉल, पाबा, बोरॉन, कोएन्झाइम क्यू१० पण आहेत. नेटवर कुठेकुठे ‘बी१७’ही दिसतं. ‘आवश्यक’ ठरवायची कसोटी काय? आम्ही घरी सगळे शाकाहारी, मांस-अंडी नाहीत. त्यामुळे जेवणातून काय सुटतं तेही सांगा.

ताम्रपट: कसोटी दुहेरी आहे. शरीराला तो पदार्थ पुरेसा बनवता येत नाही, आणि आहारातून तो वगळला गेला की ठरावीक बिघाड होतो, जो तोच पदार्थ परत दिल्यावर सुधारतो. या चाळणीतून १३ जीवनसत्त्वं उरतात: अ, क, ड, ई, के आणि ब गटातली बी१, २, ३, ५, ६, ७, ९, १२. मधल्या गाळलेल्या आकड्यांचे पदार्थ एकेकाळी यादीत होते, ते शरीर स्वतः बनवतं किंवा त्याला लागतच नाहीत असं कळल्यावर बाद झाले. इनोसिटॉल त्यातलंच. ‘बी१७’ म्हणजे जर्दाळूच्या बियांतलं अमिग्डालिन. पोटात त्यातून सायनाइड सुटतं. त्याला जीवनसत्त्व म्हणणं ही निव्वळ जाहिरातबाजी.

सूक्ष्म खनिजं: लोह, झिंक, आयोडीन, तांबं, सेलेनियम, मँगनीज, मॉलिब्डेनम. कोबाल्ट लागतं ते बी१२च्या रेणूतच. क्रोमियमवर एकमत नाही: अमेरिकेच्या यादीत ते आहे, तर युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१४ मध्ये आवश्यकतेचा पुरावा नाही असं म्हटलं. बोरॉन, सिलिकॉन माणसासाठी सिद्ध झालेले नाहीत. कॅल्शियम, मॅग्नेशियम आवश्यकच, पण रोज शेकडो मिलिग्रॅम लागतात म्हणून सूक्ष्मात मोजत नाहीत.

उसळ_पाव: शाकाहारात पहिलं सुटतं ते बी१२. भारतीय शिफारस दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम; रोज अर्धा लिटरच्या आसपास दूध-दही पोटात जात असेल तरच ती गाठली जाते. स्पिरुलिनावर (शेवाळासारख्या जिवाणूच्या पूडीवर) विसंबू नका, त्यातलं बहुतेक बी१२ आपल्या शरीराला वापरता येत नाही.

लोह रोज पुरुषांना १९ आणि स्त्रियांना २९ मिलिग्रॅम लागतं. भाकरी-डाळीत ते असतं, पण धान्य-कडधान्यांतलाच फायटेट हा घटक त्याला आणि झिंकला धरून ठेवतो. फायटेट कमी व्हावा म्हणून कडधान्यांना मोड आणा, पिठं आंबवा; लोह शोषलं जावं म्हणून उसळीवर लिंबू ताटात पिळा (शिजताना पिळलं तर ‘क’ बरंच उडतं). जेवणानंतर तासभर चहा नको, तोही लोह अडवतो.

रानजाई: आणि मीठ? आम्ही सैंधव वापरतो.

उसळ_पाव: पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ छापलेलं नसेल तर त्यात आयोडीन नाही असंच धरा. साध्या आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) असावं लागतं, म्हणजे ५ ग्रॅमला ७५ मायक्रोग्रॅम. गरज १५०च्या आसपास, बाकीचं दुधातून वगैरे येतं. आयोडीन टिकावं म्हणून बरणी झाकून ठेवा, मीठ शेवटी घाला.

ताम्रपट: गोळ्या घेणारच असाल तर लोह आणि कॅल्शियम एका वेळी नको, दोन तासांचं अंतर हवं. बी१२ न तपासता फॉलिक ॲसिडचा मोठा डोस घेऊ नका: रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं. झिंक रोज ५० मिलिग्रॅम महिनोन्‌महिने घेतलं की तांबं कमी पडतं. ‘ड’ची ६०,००० युनिटांची पुडी बहुधा आठवड्याला एक असते, ती रोज घेतल्याने रक्तात कॅल्शियम वाढून लोक दवाखान्यात पोचतात.