रजिस्ट्रेशन म्हणजे नोंदणी?

मधुमालती :
सीटी आणि एमआरआयच्या त्रिमितीय प्रतिमांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरची ओळख करून देणारी, क्ष-किरण तंत्रज्ञांसाठीची एक छोटी पुस्तिका मी मराठीत आणते आहे. थ्रीडी स्लायसर, आयटीके-स्नॅप अशी मोफत मिळणारी साधने तिच्यात आहेत. 'रजिस्ट्रेशन'साठी मी सर्वत्र 'नोंदणी' लिहिले होते. 'नोंदणी झाल्यावरच दोन्ही स्कॅनची तुलना करावी' या वाक्याखाली मसुदा वाचणाऱ्या एका तंत्रज्ञ ताईंनी पेन्सिलीने लिहिले, "पेशंटची नोंदणी तर खाली खिडकीवरच झालेली असते." त्यांचे बरोबर आहे. एकाच मेंदूचा सीटी आणि एमआरआय एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून एक प्रतिमा सरकवणे आणि फिरवणे, हा इथला अर्थ आहे. शब्द गाळताही येत नाही, कारण ही साधने ज्या आयटीके या तयार प्रोग्रॅमच्या संचावर उभी आहेत त्याचे नावच 'इनसाइट सेगमेंटेशन अँड रजिस्ट्रेशन टूलकिट' असे होते. काय लिहावे?

गणितवेडा :
'संरेखन' लिहावे. शास्त्रीय लेखनात तत्सम शब्द अर्थाला पक्का राहतो, आणि त्यावरून संरेखित, असंरेखित अशी रूपेही सहज होतात.

क्षकिरण :
संरेखन रस्त्याचे किंवा मेट्रोच्या मार्गाचे असते. इथे रेषा कुठेच नाही. मेंदू कवटीत बंद असल्यामुळे सरकवण्याची तीन आणि फिरवण्याची तीन अशा सहा आकड्यांत काम भागते. पोटाच्या स्कॅनमध्ये मात्र श्वासागणिक यकृत वरखाली होते, म्हणून प्रतिमा ताणावी आणि आकसावी लागते. त्याला संरेखन म्हटले, तर शिकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काही उभे राहणार नाही.

खिळेजुळारी :
हा शब्द मराठीत कधीच आलेला आहे आणि तो आमच्या छापखान्यात आला, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. चार रंगांचे चित्र छापताना निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार प्लेटा एकाच कागदावर चढतात. कागदाच्या कडेला अधिकाच्या खुणा असतात आणि चारही रंगांच्या खुणा एकमेकींवर बसल्या की नाही ते भिंगातून पाहावे लागते. केसभर जरी फरक पडला, तरी चित्रातल्या बाईच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरतो. तेव्हा माझे वडील मशीन थांबवून म्हणत, "रजिस्टर हललंय, आधी जुळवून घ्या." सीटी आणि एमआरआयचे कामही हेच आहे. 'रजिस्टर जुळवणे' लिहा, किंवा नुसते 'जुळवणी' लिहा.

मधुमालती :
'जुळवणी' मला मनापासून आवडला. अडचण एवढीच की 'जुळणी' हा शब्द सुटे भाग जोडून यंत्र उभे करण्यासाठी रुळलेला आहे, आणि घाईने वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतील.

गणितवेडा :
म्हणूनच मी तत्सम शब्दाचा आग्रह धरतो. आयटीकेच्या नावातल्या सेगमेंटेशनचे काय करणार? 'खंडन' म्हटले तर वादातले खंडन आठवते, आणि 'विभाजन' म्हटले तर देशाचे.

क्षकिरण :
सेगमेंटेशनला मी 'निवडणे' म्हणेन. आई ताटात तांदूळ पसरून खडे वेगळे करते, तसे आपण प्रतिमेतून हाड वेगळे काढतो. सीटीत कोणता भाग क्ष-किरण किती अडवतो हे सांगणाऱ्या हाउन्सफील्ड मोजपट्टीवर पाणी ०, हवा उणे १०००, आणि घट्ट हाड कित्येक शेकड्यांवर असते. त्यामुळे उंबरठा, म्हणजे ज्याच्या वरचेच ठेवायचे तो आकडा, २०० वर ठेवला की बहुतेक हाड आपोआप वर येते. यकृत आणि प्लीहा यांची मूल्ये मात्र जवळजवळ असतात. तिथे उंबरठा कामाचा नाही, कापामागून काप हाताने निवडत बसावे लागते.

मधुमालती :
'उंबरठा' मी तसाच घेते आहे. पण मराठी मेनूत 'निवडा' हे बटण आधीच 'सिलेक्ट'साठी बसलेले असते. 'निवडण्यासाठी निवडा' असे मला लिहिता येणार नाही.

खिळेजुळारी :
चूक त्या बटणाची आहे. भाजी, तांदूळ, गहू यांच्याबरोबर पिढ्यानपिढ्या चालत आलेला अर्थ एका बटणासाठी का सोडावा?

गणितवेडा :
त्रिमितीय प्रतिमेतल्या सर्वांत लहान घराला, व्हॉक्सेलला, आपण काय लिहिले आहे? पिक्सेलला जसे चित्राचे मूलघटक म्हणतात, तसा हा घनफळाचा मूलघटक आहे. म्हणून 'घनांश' योग्य होईल.

क्षकिरण :
ते फसवे आहे. ३६० मिलिमीटरचे क्षेत्र ५१२ रकान्यांत विभागले की एका घराची बाजू ०.७ मिलिमीटर येते, आणि कापाची जाडी ५ मिलिमीटर असेल तर व्हॉक्सेल सात पट उंच खांबासारखा होतो. 'घन' वाचून विद्यार्थी सहा सारख्या बाजूंचा ठोकळा समजेल आणि गाठीचे माप चुकवेल.

गणितवेडा :
घनफळ मोजायला वस्तू ठोकळाच असावी लागते का? घनमीटर पाणी विहिरीतही मोजतात.

मधुमालती :
मी तूर्त 'व्हॉक्सेल' तसाच ठेवला आहे. पण आमच्या ताई 'ते व्हॉक्सेल' म्हणतात आणि मी 'तो' लिहिते. आपल्याकडे काय म्हणतात?

क्षकिरण :
आमच्या विभागात 'तो'. 'स्लाइस' मात्र ती, आणि 'काप' तो.

खिळेजुळारी :
आमच्या घरी सुरणाचे ते काप.