ओपीडीत सॉफ्टवेअर घेतल्यावर डॉक्टरांचा वेळ कुठे जातो, आणि कसा वाचवायचा?

धंतोली_क्लिनिक:
नमस्कार. दोन फिजिशियनचं क्लिनिक, दिवसाला साधारण ६० पेशंट, निम्मे शुगर-बीपीचे फॉलोअप. केसपेपर बंद करून सगळं कॉम्प्युटरवर घेतलंय. दर पेशंटमागे दोन मिनिटं टायपिंगलाच जातात, पेशंट बोलत असताना नजर स्क्रीनवर असते, राहिलेल्या नोंदी रात्री घरून भराव्या लागतात. टायपिस्ट ठेवावा का?

रामदासपेठ_फिजिशियन:
डॉक्टर, टायपिस्टचं नंतर बघू. ६० पेशंटचे दोन-दोन मिनिटं म्हणजे रोजचे २ तास, आणि त्यातलं बरंचसं तुमचं कामच नाही. वजन, बीपी, शुगर, अॅलर्जी, चालू गोळ्या हे सिस्टरनं पेशंट आत यायच्या आधी भरावं. रजिस्ट्रेशनला आभाचा (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) क्यूआर लावा. नाव, वय, पत्ता पेशंटच्या मोबाइलवरून येतो. जुने रिपोर्ट मात्र त्यानं येत नाहीत, त्यासाठी पेशंटची वेगळी संमती लागते.

'मेटफॉर्मिन ५००, १-०-१, जेवणानंतर, ३० दिवस' ही शुगरच्या गोळीची ओळ एका क्लिकमध्ये यायला हवी. तपासणीच्या रकान्यात मात्र 'छाती क्लिअर, पोट सॉफ्ट' आधीच भरून ठेवू नका; न तपासलेलं तपासलं म्हणून नोंदलं जातं. मागची चिठ्ठी जशीच्या तशी पुढे ओढायची सोयही जपून वापरा. बंद केलेली गोळी तिथूनच परत येते.

हॉस्पिटल_आयटी:
लॅब रिपोर्ट पीडीएफ म्हणून चिकटवत असाल तर खरा वेळ तिथे जातोय. क्रिएटिनिन आकड्याच्या रकान्यात आलं तरच ईजीएफआर (त्यावरून काढलेला किडनीच्या कामाचा आकडा) ३०च्या खाली गेल्यावर मेटफॉर्मिन थांबवायची सूचना मिळू शकते. पीडीएफ प्रत्येक वेळी उघडूनच वाचावी लागते.

किरकोळ सूचना बंद करा. एका चिठ्ठीला पाच पॉपअप आले की सगळेच न वाचता 'ओके' होतात. आपल्या विदर्भात सिकलसेल आणि जी६पीडीची (रक्तातल्या एका एन्झाइमच्या कमतरतेची) नोंद मात्र नावाशेजारीच दिसली पाहिजे, मलेरियाचं प्रायमाक्विन लिहिण्याआधी.

लाइट गेली तर? यूपीएस, लोकल सर्व्हरवर प्रत आणि छापील कोरे फॉर्म. कागदावरचं त्याच संध्याकाळी चढवा, नवीन फाइल न उघडता. एका पेशंटच्या दोन फाइली झाल्या की अॅलर्जी एकीत आणि औषध दुसरीत, असं होतं.

मेडिकल_रेकॉर्ड:
रात्रीच्या कामाबद्दल: अमेरिकेतल्या २०१६च्या एका अभ्यासात पेशंटसमोरच्या प्रत्येक तासामागे जवळजवळ २ तास रेकॉर्ड आणि टेबलावरच्या कामाला जातात असं दिसलं होतं. तिथे विम्याच्या बिलासाठी लांबलचक नोंद लागते. ओपीडीत रोख फी असेल तर त्यांचे फॉर्म कशाला उचलायचे? सॉफ्टवेअरवाल्याला सांगून न लागणारे सक्तीचे रकाने काढून घ्या.

टायपिस्ट ठेवलाच तर त्याचं लॉगिन वेगळं हवं. निदान आणि डोस तुम्ही वाचून मगच नोंद बंद करायची, पेशंट खोलीत असतानाच. पेशंटनं रेकॉर्ड मागितलं तर नियमानं ७२ तासांत द्यावं लागतं, आणि त्यात कुणी काय लिहिलं हे स्पष्ट दिसायला हवं.