मदत हवी आहे : आरओचा पंप बदलायचा की अडॅप्टर?

वाघोलीत राहतो, सोसायटीला टँकरचं पाणी. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) हजाराच्या आसपास. आरओचा बूस्टर पंप (पाण्याचा दाब वाढवणारा) घरघरतो, पण शुद्ध पाण्याची धार करंगळीएवढीही नाही, टाकी भरायला अख्खी रात्र जाते. प्री-फिल्टर आणि सेडिमेंट दोन्ही नवीन आहेत. मेकॅनिक म्हणतो, पंप आणि मेम्ब्रेन (क्षार गाळणारा पडदा) दोन्ही बदला. (त्यांचं उत्तर नेहमी तेच असतं!)

मल्टीमीटर लावला तर २४ व्होल्टचा अडॅप्टर पंप सुरू होताच १७ वर येतो. म्हणजे दोष अडॅप्टरचाच ना? की पंपच जाम होऊन जास्त करंट ओढतोय? दुसरा अडॅप्टर हाताशी नाही. शिवाय ८० जीपीडी (दिवसाला गॅलन) मेम्ब्रेनला १०० जीपीडीचा पंप लावला तर फ्लो रिस्ट्रिक्टरही (वाया जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह रोखून दाब टिकवणारा भाग) बदलावा लागेल का? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सांगा.